दोडका नंबर चार

आधी माफी मागते. माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर जे काही लिहिलं ते काचेच्या नळ्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांवर, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. त्यामुळे मोठा कागद मिळाला की माझी ओळ वाकडी चालते. लेकीच्या नर्सिंगच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. चुकलं असेल तिथं वाचणाऱ्यानं समजून घ्यावं. वाचायला कोणाला द्यायचं, हे अजून ठरलेलं नाही.

सरांबद्दल लिहायचं आहे, पण त्यांचं नाव लिहिणार नाही. नाव लिहिलेलं त्यांना आवडत नसे. फोन आला की ते पहिल्यांदा विचारत, "तुमी कोण, ते सांगा आदी." आणि बोलताना खोलीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करत. ओठांवरून कोणी बोलणं ओळखेल, असा त्यांना शक होता.

परभणीला विद्यापीठात मातीची आणि पिकांच्या रोगांची प्रयोगशाळा होती, तिथं मी तेरा वर्षं रोजंदारीवर होते. नळ्या-बाटल्या धुवायच्या, कापसाची बुचं वळायची, वाफेचा मोठा कुकर लावायचा. सर आमचे साहेब. रोज पाच वाजता ते दारात उभे राहत आणि म्हणत, "पिशव्या झटका."

आम्ही तीन बाया होतो. प्रत्येकीनं आपली पिशवी उलटी करून झटकायची. डबा, कंगवा, एसटीचा पास, जे पडेल ते सर बघत. डबा उघडून वासही घेत. आमच्यातली शेवंताबाई तोंडाळ होती. ती म्हणायची, "सर, डब्यात भाकरीचा तुकडा हाय उरलेला. त्याला बुरशी यायच्या आदी तरी घरी जाऊ द्या."

सर हसत नसत. डबा परत देत आणि म्हणत, "झाकण लावा."

झाकण लावा, हे त्यांचं रोज शंभरदा म्हणायचं वाक्य. प्रयोगशाळेत ते बरोबरच होतं. उघडं राहिलं की हवेतली घाण आत पडते. पण सर ते सगळ्याच गोष्टींना लावत. कोणी काही सांगायला आलं की "आदी झाकण" म्हणून दाराकडे बोट करत. मग त्या माणसानं दार लावायचं, आणि मग बोलायचं. बोलणं बहुतेक वेळा रजेच्या अर्जाचं असे.

त्यांचं घराणं मोंढ्यातलं, म्हणजे धान्याच्या बाजारातलं, किराणा आणि डाळींचं. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असे. शेवंताबाई सांगायची की फ्रीजची किल्लीही त्याच डबीत आहे. ते खोटं होतं. किल्ली करदोट्याला बांधलेली होती. साखर असो की औषधाची पावडर, सर तराजूवर टाकून बघितल्याशिवाय कागदावरचं वजन खरं धरत नसत. आणि मोजण्यात ते कधी, कधी म्हणजे कधीच चुकत नसत. हे लक्षात ठेवावं, कारण पुढं लागणार आहे.

आता भाज्यांचं सांगते. सर मातीतून बुरश्या शोधून काढत. कोणती बुरशी पिकाला मारते, कोणती पिकाच्या रोगाला मारते, हे बघत. नळीवर खरं नाव लिहिलं तर चोराला वाचता येईल, म्हणून त्यांनी सगळ्यांना भाज्यांची नावं दिली होती. वांगं, कारलं, भेंडी, गवार. आमचा फ्रीज उघडला तर शनिवारच्या बाजाराची यादी वाटायची. चिठ्ठ्या मी लिहायची. कोणती भाजी म्हणजे कोणती बुरशी, हे सरांना माहीत आणि मला. चौथी शिकलेली बाई कोणाला काय सांगणार, असं त्यांना वाटलं असेल. शिवाय मी बोलतच नव्हते. चार माणसांत मला बोलायला सांगितलं तर माझी जीभ टाळूला चिकटते. अजूनही चिकटते.

दोडका ही सगळ्यात किमती भाजी.

पोखर्णीच्या रस्त्याला एका शेतात मर रोगानं सगळी तूर उभीच्या उभी वाळली होती, पण मधला दहा-बारा झाडांचा पट्टा हिरवागार होता. सर आणि त्यांचे दोस्त स्कूटरवर जाऊन तिथली माती घेऊन आले. हे दोस्त म्हणजे आमच्याच विभागातले दुसरे सर. त्यांची खोली कोपऱ्यात होती, म्हणून आम्ही त्यांना कोपऱ्यातले सर म्हणायचो. दोघं रोज एका डब्यात जेवायचे. कोपऱ्यातल्या सरांच्या घरून शेंगदाण्याची चटणी यायची. सर आधी तिचा वास घ्यायचे आणि मग सगळ्यात जास्त तेच खायचे.

त्या मातीतून एक हिरवी बुरशी निघाली. ती तुरीच्या मुळाशी राहून मर रोगाला खायची. तशा बुरश्या आणखीही असतात, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या तग धरत नाहीत. हिला सरांनी तापलेल्या कपाटात ठेवलं, तरी ती जगली. त्या दिवशी सरांनी सगळ्यांना पेढा दिला. एकेकच, मोजून.

काळी माती चाळून, तीनदा वाफवून, तिच्यात ती बुरशी सहा लहान नळ्यांत भरली. वरून मेणानं बंद केल्या. दोडका एक ते दोडका सहा. चिठ्ठ्या मी लिहिल्या. सर म्हणाले, "बाई, ह्या सहा नळ्या म्हंजी मूळ. इरजनाचं मूळ. बाकी सगळं ह्याच्यातून पैदा व्हतंय. मूळ गेलं तर समदं गेलं."

मग सरांनी कंपनी काढायची म्हटलं, आणि सगळीकडं शक सुरू झाला.

संशोधन विद्यापीठाचं, माती सरकारी, नळ्या सरकारी, मग कंपनी सरांची कशी? "सरकारी बुरशी खाजगीत इकायलाय," असं कॅन्टीनमध्ये बोलत. मलाही तसंच वाटायचं. पुढं कळलं की तसा रीतसर करार करता येतो. विद्यापीठाला आधी ठरलेली फी भरायची, मग बुरशी बनवून विकायची, आणि विक्रीतला वाटा विद्यापीठाला देत राहायचं. पण फी भरायला तारीख होती. ती चुकली तर एक बाहेरची मोठी कंपनी दोडका घेऊन जाणार होती. सरकारी योजनेतून सरांना मंजूर झालेले पैसे कागदावरच होते. बँक तारण मागत होती. मोंढ्यातले भाऊ तर हसले. म्हणाले, "बुरशी लागलेला माल आमी फेकून देताव, आन तू तिच्यात पैसे घालायलास?"

एक दिवस मी नळ्या धूत होते. सर आले, दार लावलं आणि म्हणाले, "बाई, पोस्टातली रक्कम कशासाठी ठेवली?"

मागच्या वर्षी मी पोस्टात जायला अर्धा दिवस रजा घेतली होती. सर सगळ्यांच्या रजांची कारणं वहीत लिहीत, हे मला तेव्हा कळलं. मालक, म्हणजे लेकीचे वडील, गेल्यावर त्यांच्या कामावरून मिळालेले एक लाख दहा हजार मी पोस्टात टाकले होते. त्यातल्या एका रुपयालाही हात लावला नव्हता.

"लेकीच्या नर्सिंगला, सर."

"कितवीत हाय?"

"अकरावीत."

"म्हंजी दोन वर्षं लागणार न्हाईत. मला द्या. दोन वर्षांत परत. न्हाईतर भागीदार व्हा. कंपनी वाढली की तुमचे पैसे बी वाढतेल."

मला नाही म्हणता येत नाही. मी खाली बघत राहिले. माझ्या गप्प बसण्याला लोक होकार समजतात.

त्यांनी एक छापील कागद दिला. घरी लेकीनं तो दोनदा वाचला.

"आई, ह्यात तुला भागीदार केलंय. परत देतो म्हनून कुठंच लिवलेलं न्हाई."

"मग?"

"मग काय? कंपनी बुडली की आपले पैसे बी बुडले. माझं नर्सिंग बी."

दुसऱ्या दिवशी मी तो कागद सरांच्या टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "हा नको." सरांनी डोळे बारीक केले. "कुणी वाचून दाखवला?" मग त्यांनी वहीचं पान फाडून स्वतःच्या हातानं लिहिलं, एक लाख दहा हजार उसने घेतले, पूर्ण परत देईन. खाली मराठीत सही, इंग्रजीत सही. मी पोस्टातले पैसे काढून दिले, तरी माझं मन बसलं नाही. जो माणूस उरलेल्या भाकरीचा वास घेतल्याशिवाय बाईला घरी जाऊ देत नाही, त्याच्यावर नुसत्या कागदानं कसा विश्वास ठेवायचा? मोंढ्यातला माणूस तारणाशिवाय देत नाही. मी मोंढ्यातल्याच माणसाला तारणाशिवाय दिले होते.

म्हणून मी तारण घेतलं.

दर सोमवारी मी सरांसमोर फ्रीज पुसायची. त्या सोमवारी फोन आला आणि सर नेहमीप्रमाणे भिंतीकडे वळले. मी दोडका नंबर चार उचलला आणि अंबाड्यात खोचला. करंगळीएवढी नळी. माझे केस तेव्हा दाट होते. पाच वाजता पिशवी झटकली. डबा पडला, कंगवा पडला. सरांनी डब्याचा वास घेतला आणि म्हणाले, "झाकण लावा."

घरी ज्वारीची कोठी आहे, मातीच्या भिंतीला लागून, उन्हाळ्यातही गार असते. कडुनिंबाच्या पाल्यात डबी, डबीत नळी. लेकीलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी नळ्या मोजल्या. पाच भरल्या. पुन्हा मोजल्या. मी बाटल्या धूत होते. ओरडतील, पोलीस बोलावतील, असं वाटलं. पण ते काहीच बोलले नाहीत. दुपारी कोपऱ्यातल्या सरांनी डबा उघडला आणि हाक मारली, तेव्हा सर म्हणाले, "मला भूक न्हाई." त्यानंतर त्यांना कधीच भूक नव्हती. फ्रीजची दुसरी किल्ली जवळ असणारा, दोडक्याची किंमत कळणारा, त्यांच्या मते एकच माणूस होता, कोपऱ्यातले सर. माझ्यावर त्यांचा शक गेलाच नाही. ते बरं वाटलं, आणि थोडं लागलंही.

आठ-पंधरा दिवसांनी कोपऱ्यातले सर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. माझ्याशी ते एरवी बोलत नसत. हळूच म्हणाले, "बाई, तुमी तिथंच असता दिवसभर. माझं काय चुकलं हो? ह्यानं माझ्या घरची चटणी सोडली."

मी नळ्या धूत राहिले. त्या आधीच धुतलेल्या होत्या.

पौर्णिमेला आमच्या विहारात पंचशील म्हणतात. दुसरं शील न दिलेली वस्तू न घेण्याचं आहे. तिथं माझा आवाज आपोआप बंद व्हायचा. शेजारच्या बायांना वाटायचं मला खोकला झालाय.

फी भरली गेली. सरांनी नोकरी सोडली. एमआयडीसीत पत्र्याचं शेड घेतलं आणि मला विचारलं, "येता का?" विद्यापीठात मी कायम होणार नव्हते, हे तेरा वर्षांत कळलं होतं. आणि माझे पैसे जिथं तिथं मी, असाही माझा हिशेब होता. मी गेले. अर्धवट शिजवलेल्या ज्वारीवर बुरशी वाढवायची, हिरवी झाली की वाळवून पावडरीत मिसळायची, पुड्या भरायच्या. पेरणीआधी शेतकरी ती बियाण्याला चोळत. पहिली दोन वर्षं लोक नाव काढत होते. चारठाण्याकडचे, येलदरीकडचे शेतकरी शेडवर येऊन पुड्या घेऊन जात. सर पैसे दोनदा मोजत आणि पाठ वळताच मला म्हणत, "हा खरंच शेतकरी हाय का कंपनीचा माणूस? चपला लय नव्या हायेत."

पण माझे पैसे काही येत नव्हते. आलेला पैसा नव्या यंत्राला जायचा. बारावी झाली. लेक म्हणाली, "आई, सर कधी देणार?" मी म्हणाले, "देतेल." मग तिनं एक वर्ष दवाखान्यात चिठ्ठ्या फाडायचं काम धरलं. रोज घरी येऊन ती माझ्याकडं बघायची, आणि मी कोठीकडं.

तिसऱ्या वर्षी पुड्या परत यायला लागल्या. एका शेतकऱ्यानं सरांच्या टेबलावर पोतंच टाकलं. "सर, तुमच्या पावडरीनं रोग मेला न्हाई. तूर मेली."

कारण मला माहीत होतं, कारण ते काम माझ्याच हातून होत होतं. दर वेळी मुळातून नवं काढायला हवं होतं. पण मूळ फोडायचं नाही म्हणून सर मागच्याच मालातून पुढचा माल लावायला सांगत. त्याच त्या विरजणातून पुन्हा पुन्हा. होता होता बुरशी नुसती हिरवी दिसायची. अंगात दम नव्हता.

"आता मूळ काढू," सर म्हणाले आणि घरी गेले. पाच नळ्या विद्यापीठाच्या फ्रीजमधून हलवल्यात, हे मी तेव्हाच फ्रीज पुसताना बघितलं होतं; कुठं, ते आता कळलं. एक नळी गेली त्याच आठवड्यात त्यांनी उरलेल्या पाच घरी नेल्या होत्या आणि कोणाला सापडू नयेत म्हणून माळ्यावर, पत्र्याखाली, लोखंडी पेटीत ठेवल्या होत्या. परभणीचे तीन उन्हाळे, त्या तापलेल्या कपाटापेक्षाही कडक. दिल्लीकडं कुठंतरी असा नमुना सांभाळायला देता येतो, त्याचा अर्जही टेबलाच्या खणात पडून होता. तिकडं कोण बसलेलं असतं काय माहीत, म्हणून सरांनी तो पाठवलाच नव्हता.

पाचही नळ्या फोडून काचेच्या बशांत लावल्या. आठ दिवस वाट बघितली. बशा कोऱ्या. सर रोज सकाळी एकेक बशी उजेडाला धरून बघत आणि झाकण लावत. नवव्या दिवशी त्यांनी झाकण लावलं नाही. बशी तशीच उघडी टाकून बाहेर पायरीवर जाऊन बसले.

मी ती नळी घेतली नसती तर बाकीच्या पाच फ्रीजमध्येच राहिल्या असत्या. हे मला त्या उघड्या बशीकडं बघताना कळलं. मी माझे पैसे वाचवायला गेले, आणि तेच बुडवून बसले.

त्याच आठवड्यात स्टँडवर एक माणूस भेटला. पांढरा शर्ट, हातात चामडी पाकीट, त्या बाहेरच्या मोठ्या कंपनीचा असावा. म्हणाला, "ताई, तुमच्या सरांच्या जुन्या मालातलं थोडं बी मूळ कुठं भेटंल का? दीड लाख देताव. रोख." एक लाख दहा हजाराच्या वर चाळीस. लेकीचं ॲडमिशन पंधरा दिवसांवर आलं होतं. लोक म्हणतील मी इमान राखलं. खरं सांगायचं तर अनोळखी पुरुषाशी भर स्टँडवर मला बोलताच आलं नाही. मी एसटीत चढले. ती जिंतूरची निघाली. मला जिंतूरला जायचं नव्हतं.

त्या गाडीत उभ्या उभ्या मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सरांच्या खोलीत गेले. पदराची गाठ सोडली आणि नळी टेबलावर ठेवली.

सर उठले. आधी दार लावलं. मग चष्मा पुसला. चिठ्ठी वाचली. माझंच अक्षर, दोडका ४.

"मेण फोडलं व्हतं का?"

"न्हाई."

"कुठं ठिवली व्हती?"

"ज्वारीच्या कोठीत. निंबाच्या पाल्यात."

"उनाळ्यात बी?"

"गार ऱ्हाती कोठी."

सर खाली बसले. बराच वेळ नळी फिरवत होते. मग विचारलं, "कामून नेली?"

"पैशाचं तारन म्हनून."

मला वाटलं आता हाकलतील. पण ते पहिल्यांदा मला नीट न्याहाळत होते, पिशवीकडं न बघता. म्हणाले, "माझा बाप तारनाबिगर पसाभर डाळ देत नव्हता." मग थांबले. "पर बाई, मी पैसे कुठं दिलेत अजून? तारन आदीच आनून दिलं. आता तुमच्या हातात काय ऱ्हायलं?"

"तुमचा कागद."

"कंपनी बुडाल्यावर त्या कागदाला काय किंमत?"

एवढंच बोलता आलं, आणि तेही फार कष्टानं, की, "सर, कोपऱ्यातल्या सरांनी काय नेलं न्हाई."

सरांनी मान हलवली. मग एकदम त्यांचे डोळे बारीक झाले. "पर ही तीच हाय कशावरून? बदलली नसंल कुणी?"

तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. सर पुन्हा सर झाले होते.

त्यांनी नळी फोडली, बशा लावल्या. तिसऱ्या दिवशी पांढरा धागा दिसला. पाचव्या दिवशी हिरवा ठिपका, सहाव्या दिवशी पूर्ण बशी. तरी सरांनी ती तापलेल्या कपाटात ठेवून बघितली, रोगट मातीत घालून बघितली, वीस दिवस. आणि मग म्हणाले, "दोडकाच हाय."

ह्या वेळी त्यांनी बारा नळ्या भरल्या. चिठ्ठ्या मी लिहिल्या. काही शेडमध्ये ठेवल्या, दिल्लीचा अर्ज खणातून काढून नमुना पाठवला, आणि दोन विद्यापीठाच्या फ्रीजमध्ये ठेवायला आम्ही दोघं गेलो. जाताना सरांनी रिक्षा भाजीवाल्यापाशी थांबवली आणि एक किलो दोडके घेतले. वजन स्वतः बघितलं.

कोपऱ्यातले सर त्यांच्या खोलीतच होते. केस पांढरे झाले होते. सरांनी पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"दोडके."

"ते दिसायलंय. कशापायी?"

"माझी मोजण्यात चूक झाली व्हती."

"कशाच्या?"

"नळ्यांच्या. सहाच व्हत्या. मी पाच मोजल्या."

कोपऱ्यातले सर त्यांच्याकडं बघत राहिले. "तू चुकलास? मोजण्यात?"

"व्हय."

"आन फेरमोजणीला तीन वर्षं लागली?"

मी दारात नळ्यांचा डबा धरून उभी होते. दोन पावलं पुढं गेले असते आणि चार शब्द बोलले असते तर झालं असतं. मी डबा धरून उभीच राहिले. सर मोजण्यात चुकलो असं आयुष्यात एकदाच म्हणाले, आणि तेही खोटं, आणि ते माझ्यासाठी.

कोपऱ्यातल्या सरांनी दोडके घरी नेले म्हणे, भाजीही केली. पण पुन्हा दोघांचा एक डबा झाला नाही. रस्त्यात भेटले तर बोलतात, एवढंच. त्यांना मी अजून खरं सांगितलेलं नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

कंपनी सावरली. त्याच वर्षी ॲडमिशनच्या दोन दिवस आधी सरांनी मला तीस हजार दिले. कुठून आणले विचारलं नाही. पुढं त्यांच्या बायकोच्या हातात पाटल्या दिसल्या नाहीत, त्यावरून समजले. नंतर दरवर्षी थोडे थोडे. शेडचे तीन शेड झाले. वीस बाया, एक हिशेबनीस, बाहेर मोठी पाटी. ज्यांनी भागीदारीचा कागद घेतला होता त्यांचे पैसे बरेच वाढले, असं लोक सांगतात. सरांनी मलाही पुन्हा विचारलं, "अजून बी भागीदार व्हता?" मी म्हणाले, "न्हाई सर. माझे तेवढेच द्या."

लेक शेवटच्या वर्षाला होती तेव्हा एक दिवस सरांनी मला खोलीत बोलावलं. दार मीच लावलं. उरलेले चाळीस हजार त्यांनी टेबलावर ठेवले, रोख. हिशेबनीस बँकेतून टाका म्हणत होता, पण सर म्हणाले, "मधी कोन कोन हाय, कळत न्हाई." मला म्हणाले, "मोजा." मी कधी कोणासमोर पैसे मोजले नव्हते, लाज वाटायची. त्या दिवशी बोट ओलं करून मोजले. वहीचं ते पान परत दिलं. सरांनी आपल्या दोन्ही सह्या तपासल्या, पान खरं आहे ना ते उजेडाला धरून बघितलं आणि खिशात ठेवलं.

पाच वाजले. सर दारात उभे. "पिशव्या झटका."

इतक्या वर्षांची सवय. माझी पाळी आली आणि मी पिशवी उलटी केली. डबा पडला, कंगवा पडला आणि पाचशेच्या नोटा सगळ्या फरशीवर पसरल्या.

एक नवी पोरगी ओरडली, "अगं बया! मावशीनं कंपनी लुटली!"

बाया हसल्या आणि एकदम गप्प झाल्या. माझी जीभ टाळूला चिकटली. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, आणि मी सरांकडं.

सर गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले. एकेक नोट उचलली. कोणाला हात लावू दिला नाही. मग तिथंच उकिडवे बसून, बोट ओलं करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोजायला लागले. ऐंशी नोटा. मोजून झाल्यावर उभे राहिले आणि त्या पोरीला म्हणाले, "ह्यांचेच हायेत. माझ्याकडं व्हते. एक लाख दहा हजार, आज सगळे फिटले."

त्यांनी नोटा माझ्या पिशवीत ठेवल्या आणि चेन स्वतःच्या हातानं लावली.